सुकतीचा आवाज

मिक्सिंग संपलं की शेवटच्या दिवशी पूर्ण सिनेमा एकदा सलग पाहायचा, अशी आमच्याकडे पद्धत आहे. २००८ साली अंधेरीतल्या एका स्टुडिओत आम्ही असाच एक मराठी सिनेमा पाहत होतो. ध्वनिमुद्रण माझं होतं आणि बूम, म्हणजे माइकची लांब काठी, माझ्या मित्राने धरला होता. शेवटचा प्रसंग कोकणातल्या किनाऱ्यावरचा. महिना ज्येष्ठ, पाऊस दोन दिवसांवर आलेला. शूटिंगच्या दिवशी जनरेटरची गाडी वाळूच्या अगदी कडेला आणावी लागली होती. संवाद कसेबसे वाचले, पण समुद्राच्या प्रत्येक लाटेखाली जनरेटरची घरघर होती. नुसता समुद्र वेगळा घ्यायला वेळ उरला नाही. म्हणून मी तो लायब्ररीतून उचलला. तयार आवाजांच्या परदेशी सीडी तेव्हा प्रत्येक स्टुडिओत असायच्या. त्यातला एक समुद्र चांगला दमदार होता, मधूनमधून पक्षी ओरडत होते, प्रसंगाला शोभत होता. दिग्दर्शक खूश झाले.

खाली टपरीवर चहा घेताना मित्राने विचारलं, "समुद्र कुठला लावलास?"

"लायब्ररीतला."

"छान आहे." मग थोडं थांबून म्हणाला, "पण आमच्याकडे ज्येष्ठात असं कोणी ओरडत नाही रे."

तो हर्णैजवळच्या पाजपंढरीचा. वडील, काका, भाऊ सगळे होडीवर. त्याने ते तक्रारीच्या सुरात म्हटलं नव्हतं, एवढं बोलून तो पैसे द्यायला उठला. पण ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. सीडीवरचे ते पक्षी उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यावरचे कुरव होते. हसल्यासारखे, लांबलचक हेल काढून ओरडणारे. आपल्या किनाऱ्यावरही कुरव येतात, पण हिवाळी पाहुणे म्हणून. उन्हाळा लागला की ते उत्तरेकडे परत जातात. ज्येष्ठात किनाऱ्यावर असतात ते कावळे, टिटव्या, ब्राह्मणी घारी. मी एका कोकणी बापाच्या मरणाच्या प्रसंगावर परक्या देशाचा समुद्र ओतला होता, आणि ज्याला ते कळलं तो माझ्याच शेजारी बसला होता.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. कोकणात काम निघालं की जेवणाच्या सुट्टीत किंवा पॅकअपनंतर आम्ही दोघं युनिटपासून लांब जायचो आणि पाच-दहा मिनिटं नुसता किनारा मुद्रित करायचो. आमच्या भाषेत याला वाइल्ड म्हणतात. चित्राशी न जुळवलेला, मोकळा आवाज. सुरुवातीला मित्र माइकपाशी तोंड नेऊन ठिकाणाचं नाव सांगायचा, म्हणजे पुढे फाइल कुठली ते कळावं. अशा बावीस-तेवीस फायली जमल्या. पण त्या सगळ्या घाईत घेतलेल्या होत्या. कुठे मागे स्पॉटबॉयची भांडी वाजतात, कुठे युनिटच्या बसचा हॉर्न. कधीतरी काम सोडून नुसतं याच्यासाठी यायचं, असं आम्ही दर वेळी म्हणायचो आणि दर वेळी राहून जायचं.

मार्च २०२० मध्ये सगळी शूटिंगं बंद पडली. मित्र गावी गेला, आणि पुन्हा कामं सुरू झाल्यावरही परत आला नाही. भावाच्या होडीचा हिशेब बघू लागला, जाळी विणायला बसू लागला. वीस वर्षं बूम उचलून त्याचे खांदे गेले होते, हेही एक कारण. ते त्याने मला कधी सांगितलं नव्हतं, त्याच्या बायकोने सांगितलं. २०२३ च्या फेब्रुवारीत मी गाडीत मशीन, दोन माइक, काठी, फरची टोपडी घातली आणि त्याला न्यायला पाजपंढरीला गेलो. काम कोणाचंही नव्हतं. पेट्रोल आपलं, वेळ आपला.

महाशिवरात्रीचा दुसरा दिवस होता. मी निघण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक छापून घेतलं होतं. ते त्याच्या आईने हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं. "आज चतुर्दशी," ती म्हणाली, "साडेदहाला भरलं. आता सुकती चाललीय." किनाऱ्यावरच्या माणसाला हा हिशेब पाठ असतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, चतुर्दशीला साडेदहा. पाणी उतरायला लागलं की सुकती. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग, तेव्हा पाण्याला जोर नसतो. मी कागद पाहिला. तिच्या हिशेबात आणि छापील वेळेत काही मिनिटांचा फरक होता.

त्या संध्याकाळी आम्ही लाडघरला गेलो. दापोली तालुक्यात मुरूड, कर्दे ही नावं पर्यटकांना माहीत असतात. लाडघर त्या मानाने निवांत, पण सुट्टीचा शेवट असल्याने तिथेही गाड्या होत्या. किनाऱ्याच्या एका भागात लाल गोटे पसरलेले आहेत. पाणी त्यांच्यावरून जाताना तांबूस दिसतं, म्हणून त्याला तामसतीर्थ म्हणतात. मला हे दिसण्यापुरतं माहीत होतं. ऐकलं नव्हतं. अंधार पडेपर्यंत आम्ही बांधावर बसून राहिलो. एकेक गाडी गेली. आठच्या सुमाराला वाढतं पाणी गोट्यांच्या पट्ट्यापर्यंत पोचलं.

लाट येताना तिथे काही विशेष होत नाही. खरा आवाज तिच्या परतण्यात आहे. पाणी मागे सरताना गोटे एकमेकांवर घासत खाली ओढले जातात, आणि परडीत चिंचोके हलवावेत तसा खुळखुळाट उठतो. तो डावीकडून सुरू होऊन उजवीकडे पळत जातो, कारण लाट किनाऱ्याला तिरकी लागते. मित्राने काठी आडवी धरली होती, माइक गुडघ्याच्या उंचीवर. एका लाटेनंतर त्याने मला न विचारता तो आणखी वीतभर खाली नेला, आणि हेडफोनमध्ये एकेक गोटा वेगळा झाला. बारीक खडे आधी थांबत होते, मोठे नंतर. सगळे थांबले की क्षणभर काहीच नाही. मग पुढची लाट.

समुद्र मुद्रित करणं अवघड का असतं, हे इथे सांगायला हवं. किनाऱ्यापासून शंभर पावलांवर माइक लावला तर लाटा ऐकू येतच नाहीत. ऐकू येते एक सपाट सरसर. नंतर स्टुडिओत ऐकली तर ती पावसाची वाटते, हमरस्त्याची वाटते, कढईत काही तळत असल्यासारखीही वाटते. सगळ्या उंचीचे स्वर एकाच वेळी वाजत असतात, त्यामुळे कान कशालाच धरू शकत नाही. प्रत्यक्ष उभे असताना आपल्याला समुद्र ऐकू येतो, कारण डोळे लाट दाखवत असतात आणि कान त्या लाटेपुरता आवाज वेचत असतो. माइकला डोळे नाहीत. त्याला जवळ न्यावं लागतं, एका लाटेपाशी, एका दगडापाशी. आणि जवळ नेलं की कळतं, प्रत्येक किनाऱ्याची लाट वेगळी फुटते. उतार अगदी मंद असेल तर लाट लांबवरच फेसाळते आणि हळूहळू सांडत येते, दोन-तीन ओळी एकामागून एक, त्यांचा आवाज रुंद आणि मऊ. उतार चढा असेल तर ती शेवटपर्यंत उभी राहते आणि एकदम कोसळते. आधी धप्प आणि मागून फेसाची सळसळ. वाळू भरड की बारीक, शिंपले किती, मागे डोंगर आहे की माड, यावर पुढचं सगळं ठरतं. पंचवीस वर्षं या धंद्यात काढून मी यातलं निम्मं त्या आठवड्यात शिकलो.

दुसऱ्या दिवशी अमावास्या. पहाटे निघून दाभोळला फेरीबोट धरली. या खाडीवर गाड्या नेणारी फेरी २००३ पासून आहे. त्याआधी पलीकडच्या गुहागर तालुक्यात जायचं तर चिपळूणचा मोठा वळसा असायचा. बोटीची लोखंडी फळी धोपाव्याच्या धक्क्यावर घासत उतरली तो आवाजही आम्ही घेतला. मित्र म्हणाला, "दाभोळच्या माणसाला झोपेत हा ऐकवलास तरी तो उठून गाडीला किल्ली लावील."

वेळणेश्वरला शिवरात्रीच्या जत्रेचे मांडव अजून उतरत होते. तिथे न थांबता हेदवीला गेलो. उमामहेश्वराच्या देवळामागे काळ्या कातळात एक उभी फट आहे, बामणघळ म्हणतात. भरतीचं पाणी तिच्यात शिरतं, आत कोंडतं आणि वर उसळतं. कातळ शेवाळलेला असतो, कडेला जाणं जिवावर बेतू शकतं. आम्ही लांब, कोरड्या जागी तिवई लावली. आवाज मुद्रित करताना खालच्या पट्टीतली गुरगुर कापायला आम्ही नेहमी लो-कट लावून ठेवतो. वाऱ्याचा, गाड्यांचा त्रास टळतो. इथे ते काढलं. साडेअकराला पाणी भरत आलं तेव्हा घळीतून निघालेला पहिला आवाज हेडफोनमध्ये ऐकू आला असं म्हणता येणार नाही. तो आधी तिवईच्या पायांतून मशीनवर ठेवलेल्या बोटांना लागला. मग एक पोकळ हुंकार, आणि त्याच्या मागून वर उडालेलं पाणी कातळावर पडण्याची फडफड. दर सातव्या-आठव्या लाटेला मोठा. मधल्या लाटांना नुसता घळीचा श्वास. चाळीस मिनिटं आम्ही दोघं काही बोललो नाही.

इथे एक गोष्ट माझ्याकडून चुकली. मोठा हुंकार येईल तेव्हा मशीनची पातळी किती ठेवावी याचा अंदाज मला आला नाही, आणि सर्वांत मोठी जी लाट आली ती फाटली. दुसरी तशी आली नाही. पाणी उतरू लागलं. मित्र म्हणाला, "पौर्णिमेला ये." पौर्णिमेला शिमगा, तेव्हा पालखी सोडून तो घराबाहेर पडणार नाही हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तो आवाज अजून माझ्याकडे नाही.

तिथून परत उत्तरेला. आंजर्ले, पाडले, आडे करत केळशी. या प्रवासात मला मुख्य ओढ केळशीचीच होती, कारण माझ्याकडचा सगळ्यांत चांगला समुद्र केळशीचा होता.

२०१० मध्ये एका मालिकेच्या कामाला आम्ही त्या बाजूला होतो. एका सकाळी कॉलटाइमच्या आधी दोघं किनाऱ्यावर गेलो आणि अकरा मिनिटांचा एक वाइल्ड घेतला. फाइलच्या सुरुवातीला मित्राचा आवाज आहे: "केळशी, वाइल्ड, समुद्र." पुढे इतका खोल आणि मऊ समुद्र आहे की मी तो नंतर तीन सिनेमांत वापरला. लायब्ररीतल्या परदेशी समुद्राला मी त्यानंतर हात लावला नाही. विद्यार्थ्यांना शिकवायला जातो तिथेही हाच ऐकवत आलो, की बघा, किनारा असा घ्यायचा असतो. यावेळी मी ती फाइल लॅपटॉपवर घेऊन गेलो होतो. तीच जागा, तोच माइक, तशीच सुकतीची वेळ साधून पुन्हा घ्यायचा आणि दोन्ही शेजारी ठेवून ऐकायचे, असा बेत होता.

केळशीचा किनारा लांब आणि सपाट आहे. एका टोकाला भारजा नदीची खाडी आणि तिथे वाळूची मोठी टेकडी, जिच्या थरांचा अभ्यास डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी केला आहे. तृतीया होती. सहा वाजता आम्ही पोचलो तेव्हा पाणी बरंच आत गेलं होतं. ओल्या वाळूवर बारीक खेकड्यांनी आपापल्या बिळाभोवती गोळ्यांची रांगोळी घालायला सुरुवात केली होती. हे खेकडे वाळू तोंडात घेऊन त्यातलं खाणं वेचतात आणि उरलेल्या वाळूची मोहरीएवढी गोळी करून टाकतात. माइक जमिनीशी नेला तर अगदी बारीक टिचटिच ऐकू येते, आपलं पाऊल पडलं की दहा हातांच्या वर्तुळात ती थांबते, आणि आपण पुतळा होऊन उभे राहिलो की मिनिटाभराने पुन्हा एकेक करून सुरू होते.

मग जुनी जागा शोधली. ती सापडेना. एका बाजूला देवळाचं शिखर, दुसऱ्या बाजूला सुरूच्या बनातला एक बाक देऊन वाढलेला बुंधा, या खुणा मी लिहून ठेवल्या होत्या. शिखर होतं. बन नव्हतं. काही झाडं तुरळक उभी होती, मधे उघडं आकाश, आणि वाळूत अर्धे गाडले गेलेले राखाडी ओंडके.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर येऊन आदळलं. श्रीवर्धन-दिवेआगरपासून मंडणगड-दापोलीपर्यंत माड-पोफळीच्या बागा एका दुपारात आडव्या झाल्या. एकेक माड उभा करायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं. हे मी बातम्यांत वाचलं होतं, मित्राला फोन केले होते, जमेल ते पाठवलं होतं. पण त्या दुपारबद्दल तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला ते केळशीच्या त्या ओंडक्यावर बसून. "पत्रे उडायला लागले तोवर मी आवाज वेगवेगळे मोजत होतो," तो म्हणाला. "हा आमचा पत्रा, हा शेजारचा, हे माडाचं खोड, ही होडी घासतेय. सवयच ना. मग एक वेळ अशी आली की काही वेगळं काढता येईना. सगळं मिळून एकच झालं. तेव्हा मी घाबरलो. आईला घट्ट धरून बसलो." संध्याकाळी वारा पडल्यावर तो बाहेर आला. सगळ्यात आधी त्याच्या लक्षात आलं की कावळ्यांचा आवाज नाही. दुसऱ्या दिवशीही नव्हता.

आम्ही अंदाजाने जागा ठरवली आणि बारा मिनिटं घेतली. वायव्येचा मंद वारा, लाटा अगदी जुन्या दिवसासारख्या लांबून सांडत येणाऱ्या. मशीनवर सगळं ठीक दिसत होतं. पण हेडफोनमध्ये समुद्र बारीक वाटत होता, अंगावरचं पांघरूण कोणी काढून नेल्यासारखा. मला वाटलं माइकमध्ये दमट हवा गेली. बदलला. तेच. मग लॅपटॉप उघडून जुनी फाइल लावली. एक कान त्याला, एक मला.

अर्ध्या मिनिटात त्याने मान वर केली. "अरे, हा सुरू आहे."

मी पुन्हा ऐकलं. तेरा वर्षं मी ज्याला केळशीचा समुद्र म्हणत होतो त्याचा निम्मा भाग सुरूच्या बनाचा होता. सुरूला पानं अशी नसतात, हिरव्या काडीसारख्या बारीक डहाळ्या असतात. वारा त्यांच्यावर चिरला जातो आणि हजारो डहाळ्यांचा मिळून एक लांब हुंकार होतो, दूरच्या लाटेसारखा, पण न फुटणारा. तो लाटांच्या मधल्या जागा भरून काढत होता. खोली, मऊपणा, ज्याचं मी वर्गात कौतुक करत होतो, ते बन देत होतं. ते पडल्यावर लाटा तेवढ्या राहिल्या.

सुरू हे झाड मुळात या किनाऱ्याचं नव्हे. ते आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलियाकडचं. वारा आणि वाळू अडवायला इथे लावलं गेलं. हे मी मित्राला म्हणालोही. सीडीवरच्या कुरवांवर आपण दोघं अडलो होतो, मग हाही बाहेरचाच की. तो बराच वेळ काही बोलला नाही. वाळूत बोटाने रेघा ओढत होता. "माझ्या आजोबांनी तोंडावर टॉवेल टाकून दुपारी याच्याखाली झोपा काढल्यात," तो शेवटी म्हणाला. "वडिलांनी काढल्यात. मी काढल्यात. तुझा तो पक्षी कोणाच्या झोपेत होता?"

मला याचं उत्तर देता आलं नाही, अजूनही येत नाही. पण तेव्हापासून फायलींची नावं मी बदलली. नुसतं 'समुद्र' लिहायचं बंद केलं. जुन्या फाइलवर आता 'केळशी, सुकती, सुरूच्या बनातून, २०१०' असं आहे. नवीनवर 'केळशी, सुकती, बन पडल्यानंतर, २०२३'. दोन्ही मला तितक्याच प्रिय आहेत. नव्या फाइलमध्ये एक समुद्रगरुड ओरडत खाडीकडे जातो, लांब एक होडीचं मशीन सुरू होऊन बंद पडतं आणि पुन्हा सुरू होतं. बनाच्या आडून हे एवढं स्पष्ट कधी आलं नसतं.

मित्राने त्या दिवसापासून सुरुवातीची घोषणाही बदलली. ठिकाण, तिथी, पाण्याची स्थिती, वारा. जुन्या पंचांगातल्यासारखी.

शेवटचा मुक्काम वेळासला. मंडणगडकडून वळसा घालून गेलो. हे नाना फडणवीसांचं गाव, आणि आता समुद्री कासवांचं. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्यात रात्री इथे येऊन वाळूत खड्डा करतात आणि शंभराच्या आसपास अंडी घालून परत जातात. पूर्वी ही अंडी माणसं आणि कोल्ही-कुत्री उकरून नेत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी जपायला सुरुवात केली. अंडी कुंपणात हलवून तशीच पुरतात, वर टोपली पालथी घालतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून पाहतात, आणि निघालेली पिल्लं पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडतात, म्हणजे ती आपल्या पायांनी जातात. मुंबई-पुण्याची माणसं हे पाहायला येतात, गावातल्या घरांतून राहतात. पर्यटन म्हटलं की मोठ्या किनाऱ्यांवर जे येतं, वाळूवरून पळणाऱ्या गाड्या आणि स्पीकर, ते इथे नाही. रात्री जेवायला वाढणाऱ्या काकूंनी सगळ्यांना सांगितलं, "किनाऱ्यावर बॅटरी लावायची नाही हं," आणि सगळ्यांनी ऐकलं.

पंचमीच्या सकाळी टोपलीखाली अकरा पिल्लं होती. दोरीच्या मागे तीसेक माणसं, लहान मुलं पुढे बसवलेली. मला त्या पिल्लांच्या चालण्याचा आवाज हवा होता. वल्ह्यासारखे पाय ओल्या वाळूवर घासतात त्याचा. किती दिवस मनात होतं ते. तिथल्या कासवमित्राला आदल्या दिवशी विचारून ठेवलं होतं. तो म्हणाला, "दोरीच्या आत पाय टाकायचा नाही. काठी लांबून न्या." काठी पूर्ण उघडली की पाचेक मीटर जाते. खांदे दुखत असूनही मित्राने ती उघडली, हात डोक्याच्या वर नेले आणि माइक हळूहळू खाली उतरवला.

हेडफोनमध्ये आधी सुकतीच्या लाटा, लांब. मग त्यांच्या पुढे काहीतरी कोरडं, अगदी बारीक. कागदावर नख ओढल्यासारखं, थांबून थांबून. मी हाताने खूण केली, अजून खाली. माइक आला. खरखर वाढली. एक पिल्लू थांबलं, मान उचलली, पुन्हा दोन वल्ही मारली, ते मला डोळ्यांनी दिसण्याआधी कानात आलं. मी पुन्हा खूण केली. तेवढ्यात माइक वर गेला. चांगला दोन हात वर, बाजूला. खरखर संपली, नुसत्या लाटा राहिल्या. मी रागाने त्याच्याकडे पाहिलं.

तो माझ्याकडे पाहत नव्हता. सूर्य आमच्या मागे डोंगराच्या वर आला होता. पश्चिमेच्या किनाऱ्यावर सकाळी सगळ्या सावल्या समुद्राकडे पडतात. आमच्या काठीची सावली लांब होऊन पिल्लांच्या वाटेवर आडवी पडली होती, आणि पुढची दोन पिल्लं तिच्यापाशी थबकून वळायला लागली होती. बूम धरणाऱ्याला पहिल्या दिवशी जे शिकवतात ते हेच, की आवाज सुटला तरी चालेल पण काठीची सावली कलाकारावर पडता कामा नये. वीस वर्षं त्याने ती कोणावर पडू दिली नव्हती. त्याने काठी आणखी बाजूला नेली, सावली वाळूवरून सरकत भिजल्या भागापलीकडे गेली. पिल्लं पुन्हा सरळ झाली.

मी मशीन बंद केलं नाही. शेवटचं पिल्लू फेसात शिरलं, एका लाटेने ते परत वाळूवर आणून टाकलं, दुसरीने नेलं. पुढे बसलेल्या एका मुलीने "गेलं" म्हटलं, तेही त्यात आहे. मग मित्राने काठी जवळ ओढून घेतली, माइक तोंडाशी आणला. सुरुवातीला बोलायचं राहून गेलं होतं, म्हणून शेवटी बोलला. श्वास लागला होता, तो ऐकू येतो.

"वेळास. फाल्गुन शुद्ध पंचमी. सुकती, वारा पडलेला. पिल्लं अकरा, आवाज थोडासाच आहे."